रबर कुणाच्या बाजूचं?

1952 सालच्या फेब्रुवारी महिन्यात, 1 ते 10 तारखेच्या दरम्यान, मुंबईत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आशिया खंडात ही स्पर्धा भरण्याची ती पहिलीच वेळ होती आणि जपानचा संघही तिच्यात पहिल्यांदाच उतरला होता. त्या संघात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू होता. तेव्हा जगभरचे खेळाडू लाकडी फळीवर बारीक दाण्यांचं पातळ रबर चिकटवून खेळत. सातोच्या बॅटवर दाणेदार रबर नव्हतं. जाडजूड स्पंज होता. त्या बॅटनं त्यानं एकामागोमाग एक नामवंतांना घरी पाठवलं आणि अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून पुरुष एकेरीचं विजेतेपद पटकावलं. जपाननं त्याच स्पर्धेत पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचं सांघिक विजेतेपदही जिंकलं. तरी गेली सत्तर वर्षं या स्पर्धेचं नाव निघालं की लोकांना आठवतो तो सातोचा स्पंज. टेबल टेनिसमध्ये ‘खेळाडू जिंकला की रबर जिंकलं’ हा वाद आजही संपलेला नाही, आणि तो जोरात पेटला तो आपल्या मुंबईत.

हा वाद आजही मुंबईच्या जिमखान्यांत रोज नव्यानं होतो. शिवाजी पार्क जिमखाना असो, माटुंगा जिमखाना असो की मरीन ड्राइव्हवरचा हिंदू जिमखाना, टेबलापाशी दोन खेळाडू उभे राहिले की बोलणं रबरावर येतंच. एक म्हणतो, हे रबर एकदम फास्ट आहे. दुसरा त्याच रबराला मेलेलं ठरवतो. एकाला त्याच्यात भरपूर कंट्रोल सापडतो, दुसऱ्याला चेंडू टेबलावर ठेवता येत नाही. धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात पालक मुलाला घेऊन येतात ते असंच कुणाचं तरी मत ऐकून. एवढी मतं आणि त्यांत एवढी तफावत, म्हणून ‘ज्याचा त्याचा अनुभव’ असं म्हणून विषय सोडून देण्याकडे आपला कल असतो. मला ते पटत नाही. रबराविषयीच्या मतांमध्ये एक ठाम सूत्र आहे. मत देणारा टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा होता हे कळलं, की परस्परविरोधी वाटणारी मतं जुळायला लागतात. रबराची निम्मी ताकद त्याच्या घडणीत असते आणि उरलेली निम्मी समोरच्याच्या अनोळखीपणात. पहिली टिकते, दुसरी ओसरते. खेळाचे नियम, मुलांचं प्रशिक्षण आणि आपली खरेदी, तिन्ही गोष्टी हा फरक ओळखून व्हायला हव्यात.

सातोच्या स्पंजानं नेमकं काय केलं ते आधी पाहू. दाणेदार रबरावर चेंडू आपटला की टक् असा स्वच्छ आवाज येतो. त्या काळचे मोठे खेळाडू डोळ्यांइतकेच कानांनी खेळत. आवाजावरून फटक्याचा जोर कळे आणि त्या अंदाजानं पाय हलत. स्पंजानं हा आवाज गिळून टाकला. शिवाय चेंडू स्पंजात क्षणभर रुतून मग उसळत असल्यामुळे हाताची हालचाल आणि चेंडूचा वेग यांचं ओळखीचं गणित जमेना. हात सावकाश फिरलेला दिसे आणि चेंडू मात्र वेगानं अंगावर येई. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. स्पंज चेंडूला खरोखरच वेगळी गती देत होता हा घडणीचा भाग. वर्षानुवर्षं कमावलेला अंदाज समोरच्याला ऐन सामन्यात फेकून द्यावा लागत होता हा अनोळखीपणाचा भाग. अमेरिकेचा मार्टी रीझमन त्या स्पर्धेत सातोकडून हरला. स्पंजानं या खेळातला संवाद संपवला, या मतावर तो जन्मभर ठाम राहिला. त्यानं दाणेदार रबराच्या जुन्या खेळाची चळवळ चालवली आणि 1997 साली, वयाच्या 67व्या वर्षी, त्या प्रकारातलं अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपदही जिंकलं. रीझमनचं मत प्रामाणिक होतं. पण ते टेबलाच्या त्या बाजूचं मत होतं, जिथे आवाज पोचला नव्हता.

दुसऱ्या बाजूचं मत इचिरो ओगिमुराच्या कारकिर्दीत दिसतं. 1953च्या जागतिक स्पर्धेला जपाननं संघ पाठवला नाही. 1954 साली लंडनला ओगिमुरा स्पंजाची बॅट घेऊन उतरला आणि जगज्जेता झाला. 1956 साली टोकियोत पुन्हा झाला. त्याचा देशबांधव तोशिआकी तनाका 1955 आणि 1957 साली जिंकला. या दोघांचा खेळ सातोसारखा नव्हता. पायांचा वेग, सतत आक्रमण आणि कमालीचा सराव यांच्या पायावर तो उभा होता. स्पंजाच्या बॅटचा धक्का मुंबईत एकदाच बसला. त्यानंतर समोरच्याला काय येणार हे ठाऊक होतं, तरीही हे दोघे जिंकत राहिले. सातोला मात्र जागतिक विजेतेपद पुन्हा मिळालं नाही. एकाच साधनाच्या या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या की अनोळखीपणावर मिळालेलं यश आणि घडण समजून घेऊन मिळवलेलं यश वेगळं काढता येतं. पुढे 1987 ते 1994 या काळात हाच ओगिमुरा आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा अध्यक्ष होता. ज्या स्पंजावर बंदी घाला म्हणून ओरड झाली होती, तो हातात घेऊन जिंकलेल्या माणसाकडे खेळाची सूत्रं आली.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. अनोळखीपणा ओसरतो म्हणता, मग स्पंज का ओसरला नाही? आज जगातला जवळजवळ प्रत्येक खेळाडू स्पंजाच्याच रबरानं खेळतो. मग साधनानंच खेळ बदलला असं सरळ म्हणा की. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर 1959 सालच्या नियमात आहे. त्या वर्षी महासंघानं नुसत्या स्पंजाच्या बॅटवर बंदी घातली. स्पंजावर दाणेदार रबर चढवलेलं ‘सँडविच’ मात्र चालेल असं ठरवलं. मग दाणे बाहेर असोत की आत. सगळं मिळून जाडी 4 मिलिमीटरच्या आत आणि स्पंजाशिवायचं दाणेदार रबर 2 मिलिमीटरच्या आत, ही मर्यादा आजही तशीच आहे. म्हणजे सातोची बॅट गेलीच. दाणे आत आणि गुळगुळीत पृष्ठभाग बाहेर असं जे रबर जगभर रुजलं, ते चेंडूला फिरकी देतं म्हणून. ती फिरकी दोन्ही बाजूंना शिकता येते, ओळखता येते आणि परतवता येते. यासाका कंपनीचं 1969 सालचं ‘मार्क फाइव्ह’ अजून विकलं जातं. 2008 साली आलेलं बटरफ्लायचं ‘टेनर्जी’ जगातल्या अव्वल खेळाडूंच्या बॅटवर वर्षानुवर्षं राहिलं. या रबरांमुळे कुणी गोंधळून हरत नाही, तरी ती टिकली. साधनाचा प्रभाव मी नाकारत नाही. त्या प्रभावातला टिकाऊ भाग कुठला, एवढंच वेगळं काढून दाखवतो आहे.

लाँग पिंपल आणि अँटी-स्पिन या दोन रबरांची उदाहरणं याहून बोलकी आहेत, कारण आपल्याकडच्या जिमखान्यांत सगळ्यात कडवट मतं त्यांच्याविषयीच ऐकू येतात. त्यांचं काम कसं चालतं ते एकदा नीट समजून घ्यावं. गुळगुळीत, पकड असलेलं रबर चेंडूला धरतं आणि त्याची फिरकी उलटवून स्वतःची देतं. लाँग पिंपलचे उंच, मऊ दाणे चेंडूच्या दाबानं वाकतात, घसरतात. चेंडूची फिरकी ते फारशी अडवत नाहीत. चेंडू ज्या अंगानं फिरत आला त्याच अंगानं फिरत परत जातो, पण दिशा उलटल्यामुळे तुमचा जोरदार टॉपस्पिन तुमच्याकडे बॅकस्पिन होऊन येतो. तुम्ही सवयीनं पुन्हा टॉपस्पिन मारायला जाता आणि चेंडू जाळ्यात पडतो. तुम्ही पुश केला तर परत येणारा चेंडू किंचित टॉपस्पिनचा असतो. सवयीनं पुन्हा पुश केलात तर तो वर उडतो. अँटीचा पृष्ठभाग गुळगुळीत असला तरी त्याला पकड नसते, तो निसरडा असतो, त्यामुळे परिणाम याच जातीचा. यात जादू काही नाही. समोरच्याला स्वतःचीच फिरकी परत मिळते. ‘पिंपलवाला चेंडूला काहीतरी करतो’ ही तक्रार मुळातच चुकीची आहे, कारण पिंपल चेंडूला काही करत नाही हीच खरी अडचण आहे. म्हणून त्यावरचा उपायही ठरलेला आहे: बिनफिरकीचा चेंडू द्यावा, एकच फटका दोनदा मारू नये आणि आपण काय पाठवलं होतं ते लक्षात ठेवावं.

1960च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या झांग शिएलिननं लाँग पिंपलनं भल्याभल्यांना चकवलं, तेव्हा हे गणित फार थोड्यांना ठाऊक होतं. 1980 सालच्या आसपास प्रकार आणखी पुढे गेला. चीनचा काय झेनहुआ बॅटच्या एका बाजूला अँटी आणि दुसऱ्या बाजूला पकडीचं रबर, दोन्ही एकाच रंगाची, अशी बॅट घेऊन खेळे. सर्व्हिस करताना बॅट फिरवली की चेंडूला कुठलं रबर लागलं ते कळत नसे. 1981च्या जागतिक स्पर्धेत त्यानं अंतिम फेरी गाठली. समोरचे खेळाडू दोन रबरांच्या आवाजातल्या फरकावरून अंदाज बांधू लागले, तर सर्व्हिस करणारे त्याच क्षणी पाय जमिनीवर आपटून आवाज दाबू लागले. मुंबईत 1952 साली जे आपोआप झालं, ते आता मुद्दाम होऊ लागलं. महासंघानं या वेळी रबरावर बंदी घातली नाही. पाय आपटणं बंद केलं, दोन बाजूंचे रंग वेगळे असलेच पाहिजेत असं ठरवलं आणि 1986 साली एक बाजू लाल, एक काळी हे पक्कं केलं. सामन्याआधी बॅट प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायची, त्यानं ती दोन्ही बाजूंनी पाहायची, बोट फिरवून चिकटपणा जोखायचा, ही रीतही नियमातच आहे. राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा जिंकणाऱ्या मुंबईच्या कमलेश मेहता यांची कारकीर्द याच बदलाच्या काळातली; 1988 साली सोलला टेबल टेनिस ऑलिम्पिकमध्ये प्रथम आलं तेव्हा ते भारताकडून खेळले आणि तोवर सगळ्या बॅटा दोन रंगांच्या झाल्या होत्या. दोन रंगांचा हा नियम या खेळानं केलेला सगळ्यात शहाणा नियम आहे असं मला वाटतं. साधन राहू द्या, लपवाछपवी संपवा, एवढंच तो सांगतो.

ताजा दाखला आपल्याच देशातला आहे. फेब्रुवारी 2024मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला झालेल्या जागतिक सांघिक स्पर्धेत आयहिका मुखर्जीनं त्या वेळच्या जगातल्या अव्वल खेळाडूला, चीनच्या सुन यिंगशाला, हरवलं. आयहिकाचा जागतिक क्रमांक तेव्हा दीडशेच्याही पुढे होता आणि तिच्या बॅकहँडला अँटी-स्पिन रबर आहे. तिची सहखेळाडू श्रीजा अकुलानं चीनच्या वांग यिदीला हरवलं आणि भारताकडे 2-1 अशी आघाडी आली. शेवटी चीननं ती लढत 3-2 अशी जिंकली; पाचवा सामना आयहिकालाच खेळायचा होता आणि तो ती हरली. त्या सामन्यातली तिची चिनी प्रतिस्पर्धीही जगातल्या उत्तमांपैकी होती, त्यामुळे त्या पराभवाचं सगळं कारण ओळखीत शोधणं बरोबर नाही. पण चीन अशा खेळाडूंची तयारी कशी करतो ते जगजाहीर आहे. परदेशी खेळाडूची शैली आणि तिचं रबर जसंच्या तसं वापरणारे सराव-जोडीदार तिथे खास तयार केले जातात. जगातला सर्वांत बलाढ्य संघ अनोळखी रबरावर तक्रारीचा अर्ज करत नाही, तो त्या रबराची ओळख करून घेतो.

आता मतांकडे परत येऊ. एखाद्यानं ‘हे रबर घे’ असं सांगितलं तर त्याला काय विचारायचं? लाकूड कोणतं, स्पंजाची जाडी किती, फोरहँडला लावलं की बॅकहँडला, आठवड्यात किती खेळता आणि याआधीचं रबर किती जुनं होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ग्रिप गेलेलं, वर्षभर ओढलेलं रबर काढून नवं लावलं की कुठलंही नवं रबर भन्नाट वाटतं. ती स्तुती नव्या रबराची कमी आणि नवेपणाची जास्त असते. मुंबईपुरता आणखी एक प्रश्न हवा: मत कुठल्या महिन्यातलं आहे? चेंडूचं वजन अवघं 2.7 ग्रॅम, त्यामुळे टेबलाजवळचा पंखा बंद ठेवावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दादर-परळच्या बंद हॉलमध्ये हवा इतकी दमट असते की गुळगुळीत रबरावर ओलसर थर बसतो. खेळाडू दर दोन गुणांनी बॅटवर फुंकर मारतो, तळहाताच्या कडेनं पुसतो, ती टेबलाच्या कोपऱ्यापाशी तिरकी धरून प्रकाशात चमक पाहतो, तरी टॉपस्पिन मारताना चेंडू घसरून सरळ जाळ्यात जातो. त्याच हवेत दाणेदार रबराचं तुलनेनं फारसं बिघडत नाही. जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या कोरड्या, वातानुकूलित हॉलमध्ये बनलेलं मत लालबागच्या श्रावणात जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि खुद्द मुंबईतलं जानेवारीतलं मतही पडत नाही.

काही प्रशिक्षकांचा एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. ते म्हणतात, लहान मुलाच्या हातात लाँग पिंपल दिलं की ते वयोगटातल्या स्पर्धा पटापट जिंकतं, पालक खूश होतात आणि मुलाचा फटकाच तयार होत नाही. पंधराव्या वर्षी सगळे त्याला ओळखतात आणि मूल तिथेच अडकतं. यातलं निरीक्षण खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते पुष्टीच देतं. असं मूल समोरच्या मुलांच्या अनोळखीपणावर जिंकत असतं, म्हणून ओळख वाढली की थांबतं. म्हणून पिंपल मुलांना वर्ज्य ठरवावं हे मात्र मला मान्य नाही. मनिका बत्रानं बॅकहँडला पिंपल ठेवूनच 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं. आयहिका आणि सुतीर्था मुखर्जी या जोडीनं हांगझोच्या आशियाई स्पर्धेत चीनच्या जोडीला हरवत कांस्यपदक मिळवलं, तेही अशाच रबरांच्या आधारानं. त्यांच्या रबराची सगळ्या जगाला माहिती आहे. तरी त्या जिंकतात, कारण रबरामागे फोरहँडचा फटका आहे, पाय आहेत, बॅट फिरवून बाजू बदलण्याचा सराव आहे. आधी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत रबरावर फटके पक्के करून घ्यावेत, मग गरज पडली तर पिंपल द्यावं. हा क्रम पाळला तर प्रशिक्षकांची भीती उरत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. परदेशी बनावटीच्या वरच्या दर्जाच्या एका रबराला काही हजार रुपये पडतात, बॅटला दोन बाजू असतात आणि रोज खेळणाऱ्याला ते काही महिन्यांत बदलावं लागतं. रेल्वे, बँका किंवा पेट्रोलियम कंपन्यांच्या संघांत नोकरी असलेल्यांना याची झळ कमी लागते. गिरणगावातल्या साध्या पगारावर चालणाऱ्या घराला ती पुरती लागते. मग ‘ओळख वाढवा’ हे बोलायला सोपं आहे, महाग रबर घेणारा पुढेच राहणार, असं म्हणणं अगदी स्वाभाविक आहे. साधनांच्या किमतीनं खेळात विषमता येते हे मी मान्य करतो. पण या विषमतेला चुकीच्या मतांनीच जास्त खतपाणी मिळतं. वरच्या दर्जाचं वेगवान रबर तयार हातासाठी बनवलेलं असतं. नवशिक्या मुलाच्या हातात ते चेंडू टेबलाबाहेर घालवतं, मूल घाबरून फटका आखडतं आणि पालकांचे पैसे त्याच्या प्रगतीच्या आड येतात. पातळ स्पंजाचं, साधं, स्वस्त रबर या वयात अधिक शिकवतं. गरीब घरातल्या मुलाचं खरं नुकसान होतं ते त्याला सतरा प्रकारच्या बॅटांसमोर खेळायला मिळत नाही म्हणून, आणि ते भरून काढणं क्लबांच्या हातात आहे.

म्हणून माझं म्हणणं जिमखान्यांपाशी आणि शाळांपाशी येऊन थांबतं. प्रत्येक क्लबात पिंपलवर खेळणारा एखादा जुना सदस्य असतोच. रोजची मंडळी त्याला सहज हरवतात आणि तोच बाहेरच्या स्पर्धेत अनोळखी तरुणांना रडवतो. या फरकातच सगळा धडा आहे. त्या सदस्यासमोर लहान मुलांना आठवड्यातून एकदा उभं करावं. क्लबानं लाँग पिंपल, शॉर्ट पिंपल, अँटी आणि चिकट चिनी रबर लावलेल्या चार बॅटा मिळून विकत घ्याव्यात आणि मुलांना त्या आळीपाळीनं स्वतः हातात धरू द्याव्यात. पिंपलनं दहा दिवस खेळलेल्या मुलाला पिंपलची भीती राहत नाही, कारण ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून आलेलं असतं. स्पर्धेच्या आयोजकांनी बॅट दाखवण्याचा नियम घाईत उरकू देऊ नये. 1952 साली या शहरात जगातले उत्तम खेळाडू एका स्पंजापुढे हतबल झाले, कारण त्यांना तो आधी कुणी हातात दिला नव्हता. आपल्या मुलांवर ती वेळ येण्याचं आता काही कारण नाही. रबराविषयी मत जरूर द्यावं आणि घ्यावं, पण ज्यानं ते रबर मारूनही पाहिलं आहे आणि त्याचा मार खाऊनही पाहिलं आहे, त्याच्याच मतावर पैसे खर्च करावेत.